ज्यांनी सही केली आणि ज्यांनी केली नाही, त्यांस

वॉशिंग्टन, बीजिंग, प्योंगयांग आणि सोल येथील सत्ताधाऱ्यांस, तसेच कोरियाच्या दोन्ही भागांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या पुढाऱ्यांस,



दर वर्षी १५ ऑगस्टच्या आधीच्या रविवारी माझ्या प्रार्थनेत कोरियाचे नाव असते. सून घरात नवी होती तेव्हा तिने विचारले होते, "आई, कोरिया आपल्याला कुठून लागला?" लागतो, असे मी तिला सांगितले, आणि कसा लागतो तेही सांगितले. तेच आज तुम्हाला लिहिते आहे. मी नगर जिल्ह्यातली एक साधी ख्रिस्ती बाई. माझ्या हाती सत्ता नाही. तरी ज्यांच्या हाती आहे त्यांना विचारण्याचा हक्क प्रार्थना करणाऱ्या माणसाला असतो, अशी माझी समजूत आहे.

कोरियाचा स्वातंत्र्यदिनही १५ ऑगस्टच. १९४५ साली त्या दिवशी जपानची पस्तीस वर्षांची राजवट संपली. आमची पारतंत्र्यातून सुटका दोन वर्षांनी त्याच तारखेला झाली. दोघांच्याही वाट्याला स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. आमच्या नकाशावर रेघ ओढणारे रॅडक्लिफ त्याआधी कधी हिंदुस्थानात आले नव्हते. कोरियाची रेघ १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांनी नॅशनल जिओग्राफिकच्या नकाशावर अर्ध्या तासात ठरवली. अडतिसावे अक्षवृत्त. ज्यांच्या शेतांतून आणि घरांमधून ती रेघ गेली, त्यांतल्या एकालाही कोणी विचारले नाही.

दुसरे नाते आमच्या कोल्हापूरकडच्या एका माणसाचे. मेजर जनरल शंकरराव थोरात. १९५३ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियातली लढाई थांबली तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी दक्षिणेच्या बाजूला होते. त्यांचे काय करायचे हे ठरवायला तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. भारतीय जवानाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू द्यायचे नाही, असा हट्ट तेव्हाचे सोलचे अध्यक्ष सिंगमन री यांनी धरला होता. म्हणून जहाजांवरून उतरणाऱ्या आमच्या पोरांना हेलिकॉप्टरने थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. तिथल्या छावणीला त्यांनी 'हिंदनगर' असे नाव दिले. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले. थोरात स्वतः काटेरी कुंपणाच्या आत गेले, त्या चिडलेल्या माणसांशी बोलले आणि अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. गोळी सुटली नाही.

शेवटी ८८ कैदी असे उरले की त्यांना उत्तर नको होती, दक्षिण नको होती आणि चीनही नको होता. ते आमच्या दलाबरोबर भारतात आले. चोई इन-हून यांनी १९६० साली अशाच एका कैद्यावर कादंबरी लिहिली. तिचा नायक तटस्थ देशाकडे निघतो आणि वाटेत समुद्रात नाहीसा होतो. लेखकाने त्या जहाजाला 'टागोर' असे नाव दिले आहे. आता तुम्हीच सांगा, कोरिया आम्हाला लागत नाही का?

मुद्द्यावर येते. २७ जुलै १९५३ ला पानमुंजोम येथे सह्या झाल्या त्या युद्धतहकुबीच्या कागदावर. तहाच्या कागदावर नाहीत. अमेरिकेच्या सेनापतीने संयुक्त राष्ट्रांच्या वतीने सही केली, किम इल-सुंग यांनी केली, चिनी स्वयंसेवकांच्या वतीने पेंग देहुआई यांनी केली. सोलने केली नाही, कारण री यांना लढाई थांबवायचीच नव्हती. तीन महिन्यांत राजकीय परिषद भरवून कायमचा तोडगा काढावा, अशी शिफारस त्याच कागदाच्या साठाव्या कलमात आहे. परिषद १९५४ च्या वसंतात जिनिव्हाला भरली आणि काहीही न ठरता उठली. त्यानंतर सात दशके गेली. चार किलोमीटर रुंद आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब असा तो पट्टा दोन्हीकडून तोफा रोखून उभा आहे, आणि त्याचे नाव 'निर्लष्करी'.

तहकुबी म्हणजे काय, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्या खेड्यातल्या कोणालाही विचारा. खटला निकाली निघत नाही, फक्त पुढची तारीख मिळते. कोरियाच्या माणसांना तुम्ही पुढची तारीखसुद्धा दिलेली नाही.

त्या माणसांबद्दल थोडे सांगते, कारण तुमच्या टिपणांत ती 'मानवी सुरक्षा' या सदराखाली येत असतील आणि पान उलटले जात असेल. १९८३ च्या जूनअखेर दक्षिणेच्या सरकारी दूरचित्रवाणीने ताटातूट झालेल्या कुटुंबांचा कार्यक्रम सुरू केला. एका रात्रीपुरता ठरलेला तो कार्यक्रम नोव्हेंबरपर्यंत चालला, एकूण ४५३ तास. लोक गळ्यात पाट्या अडकवून दूरचित्रवाणीच्या इमारतीबाहेर बसले होते. पाटीवर आपले नाव, गाव, आईच्या चेहऱ्यावरची एखादी खूण, हात कुठल्या फलाटावर सुटला ते. दहा हजारांहून अधिक कुटुंबांना आपली माणसे मिळाली. पण ही सारी दक्षिणेतच हरवलेली माणसे होती, एकाच देशात, कधी एकाच शहरात राहणारी. उत्तरेत राहिलेल्यांसाठी पाटी कोणापुढे धरायची?

त्यांच्यासाठी २००० ते २०१८ या काळात एकवीस वेळा भेटी ठेवल्या गेल्या. शेवटची २०१८ च्या ऑगस्टमध्ये, कुमगांग डोंगरापाशी. नव्वदीची आई आणि सत्तरीचा मुलगा मोजून काही तास समोरासमोर बसले, मग मुलगा बसमध्ये चढला आणि आई खिडकीच्या काचेवर हात ठेवून चालत राहिली. पुन्हा भेट नाही, पत्र नाही, फोन नाही. दक्षिणेत अशा भेटीसाठी नाव नोंदवणाऱ्यांची संख्या एक लाख तीस हजारांच्या पुढे गेली होती. त्यांतले बहुतेक आता या जगात नाहीत, आणि जे आहेत त्यांतले पुष्कळजण ऐंशी ओलांडलेले आहेत. भेटींसाठी बांधलेले कुमगांगचे ते सभागृह २०२५ च्या सुरुवातीला उत्तरेने पाडायला घेतले.

आता मंडळ्यांविषयी. तुमच्यापैकी काहींना वाटेल, ही ख्रिस्ती बाई आपल्या धर्माचे गोडवे गाणार. तसे करण्यासारखा इतिहास नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्योंगयांगला 'पूर्वेचे यरुशलेम' म्हणत. १९०७ चे मोठे धर्मजागरण तिथलेच. १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्या ३३ जणांनी सह्या केल्या, त्यांत १६ ख्रिस्ती होते. किम इल-सुंग यांची आईसुद्धा ख्रिस्ती घरातली. त्या यरुशलेमातून १९४५ नंतर हजारो कुटुंबे जीव मुठीत धरून दक्षिणेला पळाली. जमिनी गेल्या, पाळक तुरुंगात गेले, माणसे मारली गेली. त्यांनी सोलमध्ये देवळे बांधली, आणि मागे राहिलेल्या गावाच्या आठवणीबरोबर सुडाची आठवणही पदरात बांधून आणली. १९५० च्या शरद ऋतूत उत्तरेतल्या सिनचॉन परगण्यात भयंकर कत्तल झाली. उत्तरेचे सरकार तिचा सगळा दोष अमेरिकी सैन्यावर ठेवते. कादंबरीकार ह्वांग सोक-योंग यांनी २००१ साली त्या घटनेवर कादंबरी लिहिली आणि तिच्यात दाखवले की मारणारे आणि मरणारे दोघेही शेजारीच होते, एका हाती बायबल, दुसऱ्या हाती मार्क्स. ते वाचणे ख्रिस्ती माणसाला जड जाते. मला फार जड गेले.

म्हणून पुढे जे घडले त्याचे मोल मला मोठे वाटते.

१९८४ मध्ये जपानमधल्या तोझान्सो या ठिकाणी जागतिक चर्च परिषदेने एक बैठक बोलावली. ईशान्य आशियातली शांतता आणि न्याय हा विषय. परिषदेच्या आंतरराष्ट्रीय विभागाचे संचालक तेव्हा आमच्या केरळचे निनान कोशी होते. उत्तरेतून कोणी येऊ शकले नाही. पण दक्षिणेच्या माणसांना एकत्रीकरणाविषयी मोकळेपणी बोलायला एक छप्पर मिळाले, कारण त्यांच्या देशात लष्करशाही होती आणि उत्तरेशी साधा संपर्क ठेवणे हा गुन्हा होता. पुढच्या वर्षी कोशी आणि त्यांचे सहकारी एरिख वाइनगार्टनर प्योंगयांगला जाऊन तिथल्या ख्रिस्ती लोकांना भेटून आले. आणि १९८६ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडच्या ग्लिओन गावात, सरोवराच्या वरच्या डोंगरावर, उत्तर आणि दक्षिण कोरियाचे ख्रिस्ती पहिल्यांदा समोरासमोर आले. चर्चा झाल्याच. पण त्या चर्चांपेक्षा शेवटी एका मेजाभोवती त्यांनी एकत्र घेतलेले प्रभुभोजन मोठे होते. वेदीपुढे दान ठेवण्याआधी भावाशी समेट करून ये, हे आम्ही लहानपणापासून पाठ केलेले असते. एकच भाकर मोडून ती चाळीस वर्षांच्या शत्रूच्या हातावर ठेवणे किती अवघड असेल, ते ज्याने भाऊबंदकीत वर्षानुवर्षे अबोला पाहिला आहे त्याला कळेल.

त्या भोजनानंतर दीड वर्षाने, २९ फेब्रुवारी १९८८ ला, कोरियाच्या राष्ट्रीय चर्च परिषदेने सोलमध्ये एक जाहीरनामा काढला. राज्यकर्त्यांनो, माझी खरी विनंती या जाहीरनाम्यापाशी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

शांततेचे जाहीरनामे बहुधा समोरच्याला काय करायला हवे याच्या यादीने सुरू होतात. हा सुरू झाला स्वतःच्या पापाच्या कबुलीने. फाळणी चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेत आम्ही भावंडांबद्दल द्वेष आणि वैर जोपासले, हे आमचे पाप आहे, असे तिथल्या मंडळ्यांनी म्हटले. दक्षिणेच्या ख्रिस्ती लोकांनी कम्युनिस्टविरोधाची मूर्ती करून तिची पूजा केली, हेही म्हटले. मूर्तिपूजा हा शब्द ख्रिस्ती माणसाने स्वतःबद्दल वापरणे म्हणजे काय, हे तुमच्यातल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांना कळेल. ही कबुली देणाऱ्यांत अशीही माणसे होती ज्यांच्या घरची माणसे उत्तरेत मारली गेली होती. 'आधी त्यांनी कबूल करावे' असे म्हणायचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही.

कबुलीनंतर मागण्या आल्या. युद्धतहकुबीच्या जागी शांततेचा तह करा. शांततेची खात्री झाली की परकी सैन्ये परत न्या. अण्वस्त्रे हलवा (तेव्हा दक्षिणेत अमेरिकेची अण्वस्त्रे होती, ती १९९१ मध्ये गेली). ताटातूट झालेल्यांना भेटू द्या, आणि एकत्रीकरणाच्या बोलण्यांत सामान्य जनतेला जागा द्या. दोन्ही सरकारांनी १९७२ मध्ये एकत्रीकरणाची तीन तत्त्वे मान्य केली होती. मंडळ्यांनी त्यांत दोन जोडली: माणुसकीचा प्रश्न आधी, आणि लोकांचा सहभाग. पाच महिन्यांच्या आत सोलच्या अध्यक्षांनी उत्तरेशी देवाणघेवाणीचे धोरण जाहीर केले. हा सगळा जाहीरनाम्याचाच परिणाम असे मी म्हणणार नाही. पण सरकार जिथे पोचले तिथे मंडळी आधी जाऊन उभी होती.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय चर्च परिषदेनेही १९८६ मध्ये कोरियाच्या फाळणीत आपल्या देशाचा वाटा मान्य केला होता. वॉशिंग्टनच्या सत्ताधाऱ्यांनो, तुमच्याच देशातल्या उपासकांनी हे मान्य केले. तुमच्या कचेरीतून मात्र त्या अर्ध्या तासाबद्दल अजून एक शब्दही आलेला नाही.

किंमतही मंडळ्यांनीच मोजली. मून इक-ह्वान हे पाळक, जुन्या कराराचे भाषांतरकार आणि कवी. १९८९ च्या मार्चमध्ये ते सरकारची परवानगी न घेता प्योंगयांगला गेले, किम इल-सुंग यांना भेटले, परत आले आणि तुरुंगात गेले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्याच उन्हाळ्यात लिम सू-क्योंग ही विद्यार्थिनी युवक महोत्सवासाठी प्योंगयांगला गेली. पानमुंजोमची रेघ पायी ओलांडूनच घरी जाईन, असा तिचा निश्चय होता. एकटीला ते करावे लागू नये म्हणून मून ग्यू-ह्यून हे कॅथलिक धर्मगुरू तिच्याकडे गेले आणि १५ ऑगस्ट १९८९ ला तिच्याबरोबर ती रेघ ओलांडून दक्षिणेत आले. दोघांनाही तिथल्या तिथे अटक झाली. माझ्या मनात पुष्कळदा येते, त्या मुलीच्या आईने त्या रात्री काय केले असेल.

१९९५ हे फाळणीचे पन्नासावे वर्ष. शास्त्रात पन्नासावे वर्ष योबेलाचे: कर्जे माफ होतात, गुलाम सुटतात, गेलेली जमीन मूळ मालकाला परत मिळते. दोन्हीकडच्या मंडळ्यांनी ठरवले, १९९५ हे आमचे योबेल. रेघ पुसायचे वर्ष. प्रत्यक्षात त्या वर्षी उत्तरेत महापूर आला आणि आधीपासून दाराशी उभा असलेला दुष्काळ घरात शिरला. लाखो माणसे मेली. जगभरच्या मंडळ्यांनी पाठवलेले धान्य आणि औषधे तेव्हा प्योंगयांगला पोचली. १९९७ मध्ये संस्थांच्या अन्नमदतीचा मेळ घालणारे छोटे कार्यालय तिथे उघडले, तर ते सांभाळायला गेले तेच वाइनगार्टनर, बारा वर्षांपूर्वी कोशींबरोबर आलेले. ज्यांच्याशी आधी प्रार्थनेची ओळख होती, त्यांच्यावर धान्याच्या पोत्यांबाबत विश्वास ठेवला गेला. कोरियात आलेल्या एका जुन्या मिशनऱ्याच्या नावाने चालणारी युजीन बेल ही संस्था अशीच वर्षानुवर्षे उत्तरेतल्या क्षयरोग्यांना औषधे पोचवत आली. औषधांना न जुमानणारा क्षय, दीड-दोन वर्षांचे उपचार. एक खेप चुकली की रोगी गेला. मानवी सुरक्षा म्हणतात ती हीच.

आता एकेकाशी बोलते.

वॉशिंग्टन, २०१७ पासून तुमच्या नागरिकाला तुमच्याच पासपोर्टावर उत्तर कोरियात जाता येत नाही. ती बंदी वर्षामागून वर्ष वाढवली जाते. मदतकार्यासाठी विशेष परवाना मिळू शकतो, पण ज्या माणसाला क्षयाच्या गोळ्या घेऊन जायचे आहे त्याने आधी अर्जांचे डोंगर का चढावेत? त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेने लोखंड, पोलाद आणि यंत्रे यांच्यावर जे निर्बंध घातले, त्यांच्यामुळे दवाखान्याच्या साध्या सामानालाही एकेक करून सूट मागावी लागते. क्षेपणास्त्रे रोखायची आहेत, हे मी समजू शकते. पण गेल्या काही वर्षांत क्षेपणास्त्रे थांबली नाहीत, औषधे मात्र थांबली. औषध आणि दवाखान्याचे सामान यांची वाट एका फटक्यात कायमची मोकळी करणे तुमच्या हाती आहे. तहाचा मसुदा मांडणेही. सही तुमच्या सेनापतीची होती.

बीजिंग, तुमचीही होती. नदी ओलांडून तुमच्या मुलखात आलेल्या उत्तर कोरियाच्या बायका-मुलांना परत त्यांच्या सरकारच्या ताब्यात देऊ नका. त्यांचे पुढे काय होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

प्योंगयांग, तुम्हाला लिहिताना हात थबकतो, पण लिहिले पाहिजे. २०२३ च्या अखेरीस तुम्ही जाहीर केलेत की दक्षिणेशी आता भाऊबंदकीचेही नाते नाही, तो शत्रूदेश आहे. महिनाभरात एकत्रीकरणाची कमान पाडलीत. १५ ऑक्टोबर २०२४ ला दक्षिणेला जोडणारे रस्ते सुरुंगाने उडवलेत. तुमच्या शहरात १९८८ पासून बोंगसू येथे प्रोटेस्टंट देऊळ आहे, जांगचुंगला कॅथलिक देऊळ आहे, आणि चिलगोलचे देऊळ तर तुमच्या संस्थापकाच्या आईच्या आठवणीचे. तिथे गाणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिल्याचे पाहुणे सांगतात. पण संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये लिहिले की तुमच्या देशात विचाराचे आणि धर्माचे स्वातंत्र्य जवळजवळ उरलेलेच नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यापुढे आहेत, आणि एकीकडे बघून दुसरीकडे डोळेझाक करणे मला जमत नाही. २०१३ आणि २०१४ मध्ये तुम्ही पकडलेले तीन दक्षिण कोरियन मिशनरी घरी पाठवा. निदान ते जिवंत आहेत का, एवढे त्यांच्या बायका-मुलांना कळवा. आणि कुमगांगचे सभागृह पाडले असलेत, तर भेटी तंबूत होऊ द्या. आईला छप्पर लागत नाही.

सोल, तुमचे आधी आभार मानते. २०२५ च्या जूनमध्ये तुम्ही सीमेवरचे भोंगे बंद केलेत आणि एका दिवसात पलीकडचा गोंगाटही थांबला. सीमेलगतच्या गावांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कित्येक महिन्यांनी झोप लागली. कोणीतरी आधी थांबले की दुसराही थांबतो, याचा पुरावा तुम्हीच दिलात. मग १९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, ज्याखाली मून इक-ह्वान तुरुंगात गेले, तो अजून का? आपल्या मावशीच्या मुलाशी बोलायला माणसाला सरकारी शिक्का लागावा, असे तुमच्या देशाला शोभत नाही. तो देश आता भित्रा राहिलेला नाही. हे आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये पाहिले. लष्करी कायदा लागू होताच लोक रात्री रस्त्यावर उतरले आणि काही तासांत त्यांनी तो मागे घ्यायला लावला.

मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनो, भावांनो, तुमच्याशी घरच्यासारखे बोलते. १९८८ च्या जाहीरनाम्यावर सर्वांत कठोर टीका चर्चच्याच आतून झाली. तुमच्यातल्या मोठमोठ्या मंडळ्या त्यापासून दूर राहिल्या. १९८९ च्या अखेरीस त्यांची वेगळी परिषद स्थापन झाली. आजही कुठे कुठे उपासनेला झेंड्यांची आणि घोषणांची जोड दिली जाते आणि फुग्यांना पत्रके बांधून पलीकडे सोडली जातात. काही फुग्यांना वचने बांधलेली असतात. २०२४ च्या मेअखेरपासून तिकडून फुग्यांतून कचरा आला. सुवार्ता अशी आकाशातून टाकायची वस्तू नसते, हे सांगायची वेळ तुमच्यावर यायला नको होती. ज्यांचे आजोबा उत्तरेत मारले गेले, त्यांची जखम मी लहान मानत नाही. आमच्याकडेही १९४७ ची जखम तिसऱ्या पिढीपर्यंत वाहते आहे, आणि ती वाहती ठेवणारे आमच्याकडेही आहेत. म्हणून तर तुमच्या जाहीरनाम्याकडे मी इतक्या आशेने पाहते. तसा कागद आमच्या उपखंडात कोणत्याही धर्माच्या पुढाऱ्यांनी काढलेला मी पाहिलेला नाही.

तुम्ही २०१३ मध्ये जागतिक परिषदेच्या महासभेसाठी बर्लिनहून शांततेची आगगाडी काढलीत. मॉस्को, बीजिंग, आणि मग प्योंगयांगमधून बुसानला पोचायचे होते. उत्तरेतून जाऊ दिले गेले नाही. चीनच्या दानदोंग बंदरावरून बोटीत बसून इंचॉनला जावे लागले. तो प्रवास फसला असे म्हणणारे म्हणोत. नकाशावर त्या गाडीची वाट कायमची उमटली आहे, आणि मधला तुटलेला तुकडा कुठला आहे हे आता सगळ्यांना दिसते. ती गाडी पुन्हा काढा. पुन्हा अडवली तर तिसऱ्यांदा काढा. आणि उत्तरेच्या भावांना बोलावणे पाठवत राहा, उत्तर येवो न येवो. एके काळी ऑगस्टच्या रविवारची प्रार्थना दोन्हीकडच्यांनी मिळून लिहिलेली असायची. त्यांची ओळ आली नाही तर त्यांच्या जागी कोरी ओळ ठेवा. आम्ही इकडे ती ओळ मुकाट्याने म्हणू.

दिल्लीलाही मी वेगळे लिहिणार आहे. दोन्ही राजधान्यांशी आमच्या देशाचे संबंध आहेत, आणि हिंदनगरची आठवण आमच्या खात्यात जमा आहे. ती व्याजासह परत करायची वेळ आली आहे.

या पत्राबद्दल शेवटचे. मी हे नगरच्या टपाल कचेरीत सोलच्या पत्त्यावर टाकले, तर काही दिवसांत ते तिथे पोचेल. सोल ते प्योंगयांग अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, आमच्या पुणे-नाशिकइतके. सोलमधल्या नव्वद वर्षांच्या बाईने प्योंगयांगमधल्या धाकट्या भावाला पत्र लिहिले तर ते टाकायला पेटी नाही, नेणारा पोस्टमन नाही, त्यावर लावायचे तिकीट नाही. तह व्हायला वर्षे लागतील, मला कळते. टपाल सुरू करायला तह लागत नाही. पानमुंजोमच्या निळ्या खोल्यांपाशी एक पेटी ठेवा. आठवड्यातून एकदा इकडची पत्रे तिकडे आणि तिकडची इकडे द्या. उघडून वाचायची असतील तर वाचा, त्यांत भाजीचे भाव आणि गुडघेदुखीच असेल. पण या पावसाळ्यापूर्वी ठेवा. त्या बाईकडे फार पावसाळे उरलेले नाहीत.

कळावे, लोभ असावा.

नगर जिल्ह्यातील एक ख्रिस्ती भगिनी